जास्वंदीच्या गाभ्याशी

आमच्या गंगापुरात ऊन चढू लागले की वाऱ्याचा अंमल बसतो. म्हणून घरच्या बागेतील फुलाचे निकटचित्र घेऊ इच्छिणाऱ्याने सूर्योदयानंतरचा पहिला तासच काय तो आपला मानावा. परवा अंगणातील जास्वंदीपुढे तिपाई मांडली, तेव्हा देवपूजेत रोज हाताळलेल्या त्या फुलाच्या मध्यदंडावरील रव्यासारखे पिवळे परागकण आणि शेंड्याच्या पाच मखमली कुक्षी मला प्रथमच तपशीलवार दिसल्या. अडचण प्रकाशापेक्षा खोलीची अधिक: प्रतिमा वस्तूएवढीच मोठी घेतली, तर एफ ११ इतके छिद्र बारीक करूनही स्पष्टतेची पट्टी जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर उरते, आणि कुक्षी ठळक हवी तर पाकळ्यांवर पाणी सोडावेच लागते. (खरे पाणी शिंपडून बनावट दव आणण्याचा प्रघात मात्र मला साफ नामंजूर.) महाग भिंग नसल्यास साधे ५० मिलिमीटरचे भिंग कड्याने उलटे जोडूनही काम भागते; बर्लिनच्या कार्ल ब्लॉसफेल्टने तर स्वतः बांधलेल्या कॅमेऱ्याने टिपलेल्या कोंब-पानांचा ग्रंथ १९२८ साली प्रसिद्ध केला. माझ्या सतरा छायाचित्रांपैकी दोनच दप्तरी दाखल झाली. उरलेल्यांत मुंगी हलली होती, किंवा मी.