वाकडचा महामार्ग आणि माइकचे अंतर

मुंबई-बंगळूर महामार्ग वाकडवरून जातो. तेथील चित्रकार, नाट्यकर्मी यांनी एकत्र येऊन आपल्या कलेविषयी पॉडकास्ट, म्हणजे इंटरनेटवरून हवे तेव्हा ऐकता येणारा ध्वनिमुद्रित कार्यक्रम, काढायचे ठरविले, तर पहिली अडचण वाहनांच्या घरघरीची येईल. शब्द नीट कळले नाहीत, तर चांगली मुलाखतही वाया जाते आणि श्रोते टिकत नाहीत.

मग महागडा माइक घ्यावा काय? त्याआधी भौतिकशास्त्राला विचारू. ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. तोंडापासून ४० सेंटिमीटरवर असलेला माइक २० सेंटिमीटरवर आणला, की त्याच्यापर्यंत पोहोचणारा बोलण्याचा आवाज सुमारे चौपट तीव्र होतो. १० सेंटिमीटरवर सोळापट! महामार्ग मात्र दूर असल्याने त्याची घरघर होती तेवढीच राहते.

दुसरा शत्रू म्हणजे रिकाम्या खोलीतील निनाद. उघड्या भिंती ध्वनी परावर्तित करतात. गोधड्या व जाड पडदे तो शोषून घेतात.

करून पाहा : खिडकी उघडी ठेवून एकच वाक्य मोबाइलवर १०, २० व ४० सेंटिमीटरवरून मुद्रित करा. शब्दांमागची घरघर कशात अधिक जाणवते? का बरे?