गुरुजींच्या हातातले काम : गोंदिया जिल्ह्यातील प्राथमिक शाळांचा मागोवा

प्राथमिक शिक्षकाचे काम शासन निर्णयात एक असते आणि वर्गात दुसरे. मधली जागा शिक्षकाने स्वतः भरायची असते. नोकरीत मन रमते की नाही, हे पगारापेक्षा बहुधा याच जागेवर ठरते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तेव्हापासून इथल्या आठ तालुक्यांतील जिल्हा परिषद शाळांत ही जागा आधी दुर्लक्षामुळे मोकळी राहिली, मग काही वर्षे जाणूनबुजून मोकळी ठेवली गेली आणि आता ती बुजत चालली आहे.

नोकरदार माणूस हुद्दा न बदलता आपले काम आतून कसे घडवतो, याची मांडणी एमी रेझनेस्की आणि जेन डटन या अमेरिकी संशोधकांनी २००१ मध्ये केली. रुग्णालयातील काही सफाई कर्मचारी स्वतःला रुग्ण बरे करणाऱ्यांपैकी एक समजत आणि त्यानुसार नेमून न दिलेली कामेही करत, असे त्यांना दिसले. माणूस कामाचा मजकूर बदलतो, कोणाशी किती संबंध ठेवायचा ते बदलतो किंवा कामाकडे पाहण्याची नजर बदलतो. या तिन्हींसाठी वरिष्ठांकडून फारसे काही लागत नाही. वेळ, थोडी मुभा आणि चूक झाली तर नोटीस येणार नाही एवढा भरवसा पुरतो.

जिल्ह्याच्या पहिल्या दहा वर्षांत सांगण्यासारखे थोडेच घडले. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली. तीन हजार रुपये मानधनावर तरुण शिक्षक शाळांत रुजू झाले. वस्तीशाळा निघाल्या, सर्व शिक्षा अभियानातून वर्गखोल्या उभ्या राहिल्या. ६ ऑगस्ट २००२ च्या निर्णयाने आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातील कर्मचाऱ्यांना एकस्तर वरची वेतनश्रेणी मिळाली. सालेकसा, देवरीसारख्या तालुक्यांत टिकून राहण्याचे उत्तर शासनाला पैशात दिसले. ते चुकीचे नव्हते, अपुरे होते. नंतरचा सगळा वाद थकबाकी, घरभाडे आणि मुख्यालयी राहण्याचा दाखला यांभोवतीच फिरत राहिला.

खरी हालचाल २०१० नंतरच्या दशकात झाली. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना इतर कामांना जुंपण्यास मनाई केली. त्याच सुमारास सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले. फरशीवर आखलेले तक्ते, खडे, काड्या आणि आपापल्या गतीने शिकणारी मुले पाहायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून जाऊ लागले. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ निर्णयाने या वाटेला सरकारी आधार दिला. प्रत्येक मूल शिकले पाहिजे. कसे शिकवायचे ते शिक्षक पाहील. प्रशिक्षणाच्या सभागृहापेक्षा दुसऱ्या शिक्षकाचा वर्ग पाहण्याला त्या काळात मान होता.

गोंदियासारख्या जिल्ह्यात या मुभेचे मोल जास्त होते. इथे पाठ्यपुस्तकाची मराठी थोड्याच घरांत बोलली जाते. गोरेगाव-तिरोड्याकडे पोवारी, अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनीकडे झाडीबोली, सालेकसा-देवरीकडे गोंडी आणि छत्तीसगढी. पहिलीच्या वर्गात दोन बोली एकत्र बसतात. मूल जे शब्द बोलते त्यांपासून सुरुवात करायची, मोहाच्या फुलांच्या ढिगाऱ्यावर दशक-एकक मांडायचे, रोवणीच्या दिवसांत पट रिकामा दिसला की बांधावर जाऊन पालकांशी बोलायचे. यातले काहीही नेमणुकीच्या आदेशात लिहिलेले नसते. डिजिटल शाळेची लाटही तेव्हाचीच. ठाणे जिल्ह्यातील पाष्टेपाड्यापासून सुरू झालेला नाद लोकवर्गणीतून गावोगाव पोचला. मात्र दूरचित्रवाणी संचाच्या फोटोने काही शाळा ‘प्रगत’ ठरल्या, वीजबिल कोणी भरायचे हा प्रश्न मागे उरला. स्वेच्छेने सुरू झालेली गोष्ट उद्दिष्टाच्या तक्त्यात शिरली की तिचा जीव जातो, हे राज्याने तेव्हाच शिकायला हवे होते.

२७ फेब्रुवारी २०१७ च्या बदली धोरणाने शाळांची अवघड आणि सर्वसाधारण अशी विभागणी केली आणि पुढच्या वर्षी संगणकाने बदल्या झाल्या. शिफारशींचा जुना बाजार त्यामुळे बसला, हे मान्य करायला हवे. पण कोणाचा खो कोणाला बसेल याचा नेम राहिला नाही. बोली शिकलेला, पालकांना नावाने ओळखणारा शिक्षक एका यादीत उठला. दुसऱ्या गावात त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली आणि अनेकांनी ती केलीच नाही.

‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’च्या २०२० मधील दिवसांत ही घडवण्याची वृत्ती पुन्हा दिसली. मोबाइलला रेंज नाही तिथे गुरुजींनी ओट्यावर, समाजमंदिरात मुले बसवली. शाळा उघडल्या आणि मागोमाग लिंक आल्या. हजेरीची, पोषण आहाराची, उपक्रमाच्या फोटोची. दुपारपर्यंत भरायची तातडीची माहिती दोनशिक्षकी शाळेत एक वर्ग रिकामा ठेवते. साधारण दहा शाळांमागे एक केंद्रप्रमुख नेमण्याची कल्पना १९९४ ची, शिक्षकाला शाळेत जाऊन हात देण्यासाठी. तोही आता माहिती गोळा करतो, आणि केंद्रातील शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत अनुभवांची देवघेव शेवटच्या अर्ध्या तासावर येते.

२० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांत एक शिक्षक कंत्राटी नेमण्याच्या ५ सप्टेंबर २०२४ च्या निर्णयाने जंगलपट्ट्यातील छोट्या शाळांवर थेट घाला येत होता. राज्यभर विरोध झाला, निर्णय बदलावा लागला. मग १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण व्हायचे, नाहीतर नोकरी सोडायची. ज्यांच्या नेमणुकीवेळी ही परीक्षाच नव्हती, तेही आता शाळा सुटल्यावर बालमानसशास्त्राचे बहुपर्यायी प्रश्न सोडवत बसतात. वीस वर्षे वर्गात वापरलेल्या गोंडीला त्या प्रश्नपत्रिकेत एकही गुण नाही.