संभाषण करणारी संगणकप्रणाली आणि पेटंट

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी प्रश्नपरीक्षेचे काम आता संगणकही करू लागला आहे. रुग्णाशी संभाषण करून क्षुधा, निद्रा, मलप्रवृत्ती विचारणारी व त्यावरून प्रकृती सांगणारी प्रणाली एखाद्या वैद्याने अथवा औषधनिर्मात्याने तयार करवून घेतल्यास तिला पेटंट मिळेल काय, याचा विचार आपण वेळीच करावयास हवा.

१९७० च्या भारतीय पेटंट कायद्याचे कलम ३ येथे तीन अडसर घालते. उपकलम (के) नुसार केवळ संगणक-आज्ञावली किंवा गणनपद्धती हा शोध ठरत नाही. उपकलम (आय) मनुष्याच्या निदान-चिकित्सेच्या प्रक्रियांना वगळते, तर उपकलम (पी) पारंपरिक ज्ञानाला. म्हणजेच वात-पित्त-कफाची प्रश्नावली यंत्राच्या मुखातून वदविली, एवढ्याने पेटंट मिळत नाही.

तथापि उपकलम (के) मधील ‘केवळ’ या अर्थाचा शब्द महत्त्वाचा आहे. फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले की, आज्ञावलीमुळे तांत्रिक परिणाम साधत असेल तर शोध संगणकाधारित आहे एवढ्यावरून पेटंट नाकारता येत नाही. गजबजलेल्या बाह्यरुग्ण विभागातही रुग्णाचा आवाज अचूक वेगळा करणारी नवी तांत्रिक रचना या कसोटीस उतरू शकेल. मात्र तेथे पेटंट त्या रचनेला मिळेल, प्रकृतिपरीक्षणाला नव्हे.

हा भेद आपल्या हिताचा आहे. हळदीच्या व्रणरोपण गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत दिलेले पेटंट वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने लेखी पुराव्यांच्या बळावर १९९७ मध्ये रद्द करविले. उद्या कोणी आपल्याच प्रश्नपरीक्षेवर हक्क सांगू लागल्यास आपले ग्रंथच साक्षीस उभे राहतील. पेटंट मंजूर होण्यापूर्वी कलम २५ अन्वये कोणीही हरकत घेऊ शकतो, हेही ध्यानी असावे.

व्यवसायबंधूंना आमची विनंती एवढीच. विक्रेत्याने ‘पेटंटप्राप्त’ म्हटल्यास क्रमांक मागावा, आणि पेटंट मंजूर आहे की केवळ अर्ज दाखल आहे, हे पडताळावे. स्वतःची तांत्रिक कल्पना असल्यास अर्जापूर्वी तिचे जाहीर प्रात्यक्षिक टाळावे, कारण प्रकट झालेल्या गोष्टीचे नावीन्य सहसा उरत नाही. आज्ञावलीच्या लेखनास कॉपीराइटचे संरक्षण आहेच, परंतु बाहेरच्या आज्ञावलीकाराकडून काम करवून घेतल्यास केवळ मोबदला दिल्याने तो हक्क आपला होत नाही. त्यासाठी लेखी हस्तांतरण हवे. आपण वर्षानुवर्षे जपलेली रुग्णपत्रके दुसऱ्याच्या हाती सोपविण्यापूर्वी, रुग्णाची संमती आणि हा करार, दोन्ही पदरी असावेत.