सोयाबीनचा भाव पडला की पोरीच्या लग्नाची घाई का होते?

मेहकर तालुक्यातलं जानेफळ घ्या, नाहीतर आजूबाजूचं सोयाबीनचं कुठलंही गाव. जूनमध्ये दोन खर्च एकदम दारात येतात: बी-खत आणि शाळेच्या वह्या-पुस्तकं. पैसे एकाच खर्चापुरते असतील तर आधी पेरणी. पोराचं कसंबसं भागवलं जातं, दहावी झालेल्या पोरीला मात्र "आता घरीच राहा" सांगितलं जातं. शाळा सुटली की स्थळं यायला लागतात.

यात आरोग्य कुठून आलं? लवकर लग्न म्हणजे बहुतेकदा लवकर बाळंतपण, तेही अंगात रक्त कमी असताना. नवऱ्याला 'नको' म्हणायची, गर्भनिरोधक मागायची हिंमत त्या वयात कुठून येणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. पाचातली एक!

मग घराला मदत मिळाली तर पोरीला फायदा होतो का? केनियातल्या 'शांबा मैशा' प्रयोगात एचआयव्ही असलेल्या शेतकऱ्यांना कर्जावर पाण्याचा पंप आणि शेतीचं प्रशिक्षण मिळालं. घरातली खाण्याची चणचण कमी झाली. तिथे फी, जेवण, पॅड यांसाठी मुलींना अनेकदा मोठ्या वयाच्या पुरुषांवर अवलंबून राहावं लागतं, म्हणून अशा घरांतल्या मुलींकडेही संशोधकांचं लक्ष गेलं. मलावीत तर थेट रोख रक्कम दिली, थोडी पालकांना आणि थोडी मुलीच्या हातात. दीड वर्षानंतर पैसे मिळालेल्या शाळकरी मुलींत एचआयव्हीचं प्रमाण १.२ टक्के होतं, न मिळालेल्यांत ३ टक्के.

'मुलीच्या हातात' हे महत्त्वाचं. आपल्याकडे पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाला १२ हजार येतात, पण ज्याच्या नावावर सातबारा त्याच्या खात्यात. मजुराच्या पोरीचा तर प्रश्नच नाही. 'लेक लाडकी' योजना १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे, आज पंधरा वर्षांची असलेली त्यात बसत नाही. आणि शेती वाढली की निंदण, सोंगणीला घरच्याच पोरीला शाळा बुडवून नेलं जातं, हेही खरं.

ग्रामीण भागात बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे. पाळी, गर्भनिरोधक, संसर्ग याबद्दल १० ते १९ वयातल्यांना सरकारी रुग्णालयांतल्या 'मैत्री क्लिनिक'मध्ये मोफत सल्ला मिळतो (नाव छान आहे, पण तुमच्या गावात किती पोरींना माहीत आहे ते विचारून बघा). अठराच्या आतलं लग्न ठरल्याचं कळलं तर १०९८ वर फोन करा.