काच घासण्याचे कसब

कापडाच्या ताग्यात एखादे सूत चुकले तर गिऱ्हाईक भाव पाडून माल घेते. अंतराळात जाणाऱ्या भिंगाला ही सवलत नाही.

पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेने ‘सूट’ ही सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण घडवली. २ सप्टेंबर २०२३ रोजी ती आदित्य-एल१ यानातून गेली. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर दुरुस्तीला कोण जाणार?

अशी काच आधी जाड, मग बारीक पूड लावून घासतात. शेवटी डांबरासारख्या राळेच्या थरावर सिरियम ऑक्साइडने तिला चकाकी आणतात. मग लेसरच्या प्रकाशपट्ट्या पाडून तपासतात. उत्तम कामात पृष्ठभागाची चूक साठेक नॅनोमीटरच्या आत राखतात, म्हणजे केसाच्या जाडीचा जवळपास हजारावा भाग. जोरदार लेसरच्या भिंगावर बारीक ओरखडा राहिला, तरी तिथूनच ते जळू शकते आणि सारी मेहनत वाया जाते.

मुळशी तालुक्यातले नेरे हिंजवडीच्या शेजारचे. अशा गावात छोटा कारखाना काढू पाहणाऱ्या बंधूंनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. यंत्र विकत मिळते, पण कारागिराचा हात सबुरीने घडवावा लागतो. आणि या धंद्यात तोंडी खात्री चालत नाही. मालासोबत मोजमापाचा दाखला द्यावाच लागतो.