पहिली पीसीपी घेताय? आधी सिलिंडरवरची तारीख वाचा

आमच्या रेंजवर हवा भरून देणारे एक काका आहेत. सकाळी सातला येतात, चहा घेतात आणि मग एकेकाचा सिलिंडर मोठ्या टाकीला जोडून भरून देतात. माझी स्वतःची पहिली एअर रायफल घेऊन मी त्यांच्यासमोर उभी राहिले, तेव्हा अख्ख्या पुण्यात माझ्याएवढं खूश कुणी नसेल. काकांनी रायफलचा सिलिंडर काढून हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, त्यावर कोरलेले बारीक आकडे डोळ्यांजवळ नेऊन वाचले आणि सिलिंडर परत माझ्या हातात ठेवला.

"बाळा, हा मी नाही भरणार."

त्यावरचं साल होतं २०११. मी रायफल घेतली २०२३ मध्ये. मॅच रायफलच्या या सिलिंडरना कंपन्या साधारण दहा वर्षांचं आयुष्य देतात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. ज्या दादांकडून सेकंडहँड घेतली, त्यांनी रायफल अगदी चकाचक पुसून दिली होती. सत्तर हजारांना. त्यात बाबांचा दिवाळी बोनस होता, माझ्या दोन वर्षांच्या शिकवण्या होत्या आणि 'पोरीला खेळायचंय ना, मग घेऊ दे' म्हणत आजीने मोडलेली एफडी होती.

तर हा लेख त्या सिलिंडरच्या पैशांतून आलाय असं समजा.

१ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ब्राँझ जिंकलं आणि त्यानंतर कॉलेजमध्ये 'नेमबाजी कुठे शिकवतात गं?' हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू यायला लागला. एक गोष्ट आधी स्पष्ट करू. स्वप्नीलचा इव्हेंट ५० मीटरचा, पॉइंट टू टू रायफलचा. त्यात खरी काडतुसं लागतात आणि त्यासोबत लायसन्सची भानगड येते. आपल्यासारख्यांची सुरुवात होते ती १० मीटर एअर रायफलपासून. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये ज्यात जगज्जेता झाला, तो हा इव्हेंट. आणि सध्या या इव्हेंटमध्ये जी रायफल चालते ती पीसीपी, म्हणजे प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक. सोप्या मराठीत, आधीच हवा भरून ठेवलेली बंदूक.

जत्रेत फुगे फोडायची बंदूक तुम्ही नक्की धरली असेल. नळी मोडायची, छर्रा घालायचा, परत सरळ करायची. आत दाबलेली स्प्रिंग सुटते, ती दट्ट्या ढकलते, दट्ट्या हवा दाबतो आणि छर्रा उडतो. या सगळ्या धडपडीत छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच बंदूक हललेली असते. फुग्याला चालतं. पण १० मीटरच्या टार्गेटवर 'दहा'चा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेनाने टिंब काढा, बहुतेक त्याहून मोठं निघेल. त्या ठिपक्यावर ६० वेळा, ७५ मिनिटांत नेम धरायचा. प्रत्येक वेळी स्प्रिंग दाबत बसलात तर चाळिसाव्या शॉटला हात कापायला लागतात.

पीसीपीत ही मेहनत आधीच कुणीतरी करून ठेवलेली असते. नळीखालच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाने हवा भरलेली असते. आपल्या ॲक्टिव्हाच्या टायरमध्ये असते जेमतेम दोन बार, त्यावरून अंदाज करा. ट्रिगर दाबला की झडप क्षणभर उघडते, मोजून-मापून तेवढीच हवा सुटते आणि झडप बंद. मधे एक रेग्युलेटर असतो. सिलिंडर भरलेला असो की अर्धा, तो छर्ऱ्यामागे दरवेळी सारखाच दाब ठेवतो. एकदा भरला की दोनशेच्या वर शॉट निघतात. झटका जवळपास नाहीच. त्यामुळे शॉट चुकला तर तो बहुतेक आपलाच असतो, बंदुकीच्या नावावर खपवता येत नाही. माझ्यासारखीला हे सुरुवातीला जड गेलं.

आता पैशांचं बोलू. नवी जर्मन रायफल, फाइनवेर्कबाउ, वॉल्टर किंवा आन्शुट्झ, आपल्याकडे येईपर्यंत अडीच-तीन लाखांच्या घरात जाते. भारतीय बनावटीच्या पीसीपी त्याच्या बऱ्याच खाली मिळतात. आणि तिसरा रस्ता म्हणजे माझा, सेकंडहँड. तिन्हींत वाईट काही नाही. पण दुकानात किंवा व्हॉट्सॲपवर दिसते ती फक्त बंदुकीची किंमत. माझ्या वहीतला खरा हिशेब असा आहे: रायफल सत्तर हजार, जॅकेट आणि ट्राउझर अठरा हजार (तेही भारतीय, मापाने शिवून घेतलेलं), शूज आणि हातमोजा मिळून नऊ. शिवाय रेंजची महिन्याची फी. आणि छर्रे! पाचशे छर्ऱ्यांचा एक डबा. रोज शंभर शॉट, आठवड्यातून पाच दिवस मारले तर आठवड्याला एक डबा संपतो. डब्याची किंमत विचारा आणि ५२ ने गुणा. मी गुणाकार केला तेव्हा मोबाइल खाली ठेवून पाणी प्यायले होते.

म्हणून बजेट ठरवताना सगळे पैसे बंदुकीत ओतू नका. निम्म्याच्या आसपास बाजूला राहायला हवेत. जॅकेटला दुय्यम समजायची चूक माझ्या एका मैत्रिणीने केली. भारी रायफल आणि अंगात साधं जर्किन. ताठ जॅकेट पाठीला आणि कमरेला जो आधार देतं, तो नसल्याने तिची महागडी रायफल टार्गेटवर डुलत राहायची. शेवटी तिने जॅकेट घेतलं, पण तोपर्यंत राज्य स्पर्धेची तारीख निघून गेली होती.

मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्पीड किती? हजार फूट प्रति सेकंद लिहिलेली, काळी, दुर्बीण लावलेली पीसीपी पाहिली की डोळे चमकतात. मॅच रायफलचा छर्रा सेकंदाला १७० ते १७५ मीटर जातो, म्हणजे साडेपाचशे-पावणेसहाशे फूट. दहा मीटरवरच्या कागदाला तेवढं पुष्कळ झालं. दुर्बीण तर या इव्हेंटमध्ये चालतच नाही, मागे बारीक भोकाची पीप साइट लागते. शिवाय कायदा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नळी किंवा २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा असलेल्या एअर गनला लायसन्स लागतं. मॅच रायफल दोन्ही मर्यादांच्या आत बसते, तिची ऊर्जा आठ जूलच्या आसपासच. तरी दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागणारच. 'कागदपत्रं काही नकोत, घेऊन जा' म्हणणारा भेटला तर घेऊ नका. नेताना केसमध्ये बंद करून न्या, असोसिएशनचं कार्ड जवळ ठेवा. कट्ट्यावर रायफल हातात घेऊन रील करायचा मोह झाला तर पोलिस स्टेशनच्या बाकड्यावर बसायची तयारी ठेवा. आणि गच्चीवरून पक्ष्यांवर छर्रे मारायचे असतील तर हा लेख इथेच मिटवा, प्लीज.

आता तो भाग, जो मला कुणी सांगायला हवा होता. सेकंडहँड पीसीपी बघायला जाल तेव्हा पॉलिश बघू नका. सिलिंडर फिरवून त्यावरची तारीख वाचा. आंतरराष्ट्रीय नियमांत स्पष्ट आहे की सिलिंडर मुदतीत आहे की नाही ही जबाबदारी खेळाडूची. म्हणजे स्पर्धेच्या दिवशी 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर चालणार नाही. नियम बाजूला ठेवला तरी गालापासून वीतभर अंतरावर २०० बारचा जुना धातू ठेवून नेम धरायचा आहे, हे विसरू नका. मुदत संपलेला सिलिंडर असेल तर नव्याची किंमत आधी विचारा आणि ती सौद्यातून वजा करा. मला नवा सिलिंडर तीस हजारांच्या वर पडला आणि बाहेरून यायला दोन महिने लागले.

दुसरं, गळती. विक्रेत्याला सांगा, संध्याकाळी सिलिंडर भरून ठेवा, मी सकाळी येते. काट्याचा फोटो काढा. सकाळी काटा उतरला असेल तर आतल्या रबरी सील गेल्यात. त्या बदलता येतात, पण बदलणारा कुठे आहे हेही विचारून घ्या. तिसरं, रायफल टेकूवर ठेवून दहा छर्रे एकाच ठिकाणी मारून बघा. भोकं एकमेकांत मिसळून एकच फाटकं भोक दिसायला हवं. विखुरली तर आधी छर्रे बदलून बघा, रायफलच्याही खाण्यापिण्याच्या आवडीनिवडी असतात. चौथं म्हणजे माप. बटची लांबी, गालाखालच्या पट्टीची उंची हे सगळं तुमच्या अंगाला जुळतं का? नियमाप्रमाणे रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, म्हणून साडेपाच किलोचीच घ्यावी असं नाही. माझ्यासारख्या पंचेचाळीस किलोच्या मुलीला चार-सव्वाचार किलोही तासाभराने आपली जागा दाखवतात.

आणि हवा कुठे भरणार? हा प्रश्न इतका बावळट वाटतो की कुणी विचारतच नाही. पंक्चरवाल्याकडे भरून मिळेल का, असं मी खरंच विचारलं होतं. त्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारवर थांबतो. तारकर्लीला स्कूबा करताना पाठीवर जी टाकी लावतात, तशीच मोठी टाकी बहुतेक रेंजवर असते आणि तिच्यातून रायफल भरतात. घरी भरायचं तर उंच हातपंप मिळतो. व्यायाम म्हणून उत्तम! पण जुलैतल्या दमट हवेत पंपातून पाणीही आत जातं आणि आतून गंज धरतो. एक गोष्ट मात्र अजिबात नको: वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन. 'हवाच ना शेवटी' म्हणून एकाने हा सल्ला दिलेला मी माझ्या कानांनी ऐकलाय. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीस एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो. फक्त कोरडी, स्वच्छ हवा भरायची.

तुमच्या शहरात रेंज नसेल, जवळ सील बदलणारा नसेल, तर सरळ सांगते, पीसीपी अजून घेऊ नका. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला आणि तिचा कितीतरी वेळ वाया गेला. तिथे तर अख्खी टीम सोबत होती. तालुक्याच्या गावी शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या रायफलचा सील गेला तर कोण येणार?

पहिले सहा महिने क्लबच्या रायफलवर काढा. कॉलेजला एनसीसी असेल तर तिथून सुरुवात करा. अंजली भागवतही एनसीसीतूनच नेमबाजीत आल्या. क्लबची रायफल जुनी असेल, बट दुसऱ्याच्या घामाने काळा पडलेला असेल, पण सहा महिन्यांत आपल्याला काय जमतं आणि काय टोचतं ते कळतं. स्पर्धेत कुठल्या गटात उतरणार, ओपन साइट की पीप साइट, हेही कोच तेव्हाच ठरवून देतात आणि त्यावर तुमची खरेदी अवलंबून असते. तोवर घरी भिंतीवर ठिपका काढून ड्राय फायरिंगची सवय लावा. छर्रा नाही, हवा नाही, नुसता ट्रिगर. पीसीपी मॅच रायफलमध्ये त्याची वेगळी सोय असते. हा सराव पूर्ण फुकट आहे आणि माझे कोच म्हणतात की निम्मा खेळ त्यातच आहे. स्प्रिंगच्या बंदुकीवर मात्र हे करू नका, दट्ट्या आपटून आतली वाट लागते.

माझं काय झालं? दोन महिने मी क्लबच्याच रायफलवर खेळले, माझी केसमध्ये पडून होती. जिल्हा स्पर्धा त्यात गेली. आजी रोज विचारायची, "काय गं, बंदूक चालते का?" आणि मी 'हो' म्हणायचे. तिला अजून सांगितलेलं नाही, आता हे छापून आल्यावर कळेल. नवा सिलिंडर आला त्या दिवशी मी तो आधी काकांकडेच नेला. त्यांनी परत चष्मा कपाळावर सरकवला, आकडे वाचले, काही न बोलता मोठ्या टाकीला जोडला. जुना रिकामा सिलिंडर कोचने ठेवून घेतलाय. जूनमध्ये नवी बॅच आली की तो टेबलावर असतो.