आपापल्या गल्लीचे ऋतुचक्र

शहरात ऋतू उरलेच नाहीत, अशी तक्रार अलीकडे सर्रास ऐकू येते. वातानुकूलित कार्यालय, बंद काचांची गाडी आणि बारा महिने मिळणारा फ्लॉवर यांच्या संगतीत वसंत कधी सरला आणि ग्रीष्म कधी लागला, याचा पत्ता लागत नाही, हे खरेच. तरीही शहराच्या प्रत्येक गल्लीत ऋतू ठरल्याप्रमाणे हजेरी लावून जातात. ती हजेरी टिपणारा माणूस मात्र दुर्मिळ झाला आहे. ज्याने ती टिपली, त्याला भिंतीवरच्या दिनदर्शिकेखेरीज आणखी एक, केवळ स्वतःची अशी दिनदर्शिका मिळते.

नक्षत्रांचा पाऊस

सहा ऋतूंची विभागणी शाळेतच पाठ होते. चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, श्रावण-भाद्रपद वर्षा. प्रत्यक्षात महाराष्ट्रात आषाढ कोरडा नसतो. पंढरीची वारी भिजतच चालते. ग्रंथातील ऋतू आणि अंगणातील ऋतू यांत असे अंतर पडते, म्हणून येथील शेतकऱ्याने पावसाचा हिशेब नक्षत्रांवर ठेवला.

या हिशेबामागे सरळ गणित आहे. सूर्य वर्षभरात २७ नक्षत्रांतून फिरतो, म्हणजे एका नक्षत्रात तो साधारण १३ ते १४ दिवस असतो. ७ किंवा ८ जूनला मृग लागते, २१-२२ जूनला आर्द्रा. सण चंद्राच्या तिथींवर चालतात. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने दिवाळी कधी ऑक्टोबरच्या मध्यावर येते, तर कधी नोव्हेंबरच्या मध्यावर. मृग मात्र जागचे हलत नाही. पेरणीचा अंदाज बांधण्यास म्हणूनच ते उपयोगी पडले.

या कोरड्या गणितात लोकांनी आपला जीव ओतला. पुनर्वसूच्या पावसाला 'तरणा' आणि पुष्याच्या पावसाला 'म्हातारा' अशी नावे पडली. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्त नक्षत्रात गेला, की पाटावर हत्ती रेखून त्याभोवती मुली हादग्याचा फेर धरू लागल्या. आकाशातील एका घटनेला घरातील माणसांसारखे नाव द्यायचे आणि तिच्याशी नाते जोडायचे, ही रीत मुळात पुस्तकी नव्हती. ती आपल्या शिवारापुरती, आपल्या गावापुरती होती. दुर्गा भागवत यांच्या १९५६ मधील 'ऋतुचक्र' या पुस्तकाने बारा महिन्यांचे असेच बारकाईने केलेले निरीक्षण मराठी वाचकापुढे ठेवले.

मंडईतले पंचांग

शहरवासीयाला शिवार नाही, पण मंडई आहे. पौषाच्या थंडीत हरभऱ्याच्या हिरव्या जुड्या आणि हुरड्याची कणसे येतात. मे महिन्यात करवंदे आणि जांभळे. जूनमध्ये पहिल्या सरी पडल्या, की ठाणे, पालघर, रायगडच्या आदिवासी पाड्यांतील महिला शेवळे घेऊन मुंबई-ठाण्याच्या बाजारात येऊन बसतात. शेवळे घशाला खाजतात, म्हणून त्यांच्या भाजीत आंबट काकडे घालावी लागतात. जाणत्या विक्रेत्या दोन्हींचे वाटे शेजारी मांडतात. पाठोपाठ टाकळा, फोडशी, कंटोळी. शेवळांचा हंगाम मोजक्या दिवसांचा असतो. तो हुकला की वर्ष हुकले. शीतगृहातील मटाराला ही किंमत कधीच येत नाही, कारण त्याची वाट पाहावी लागत नाही.

रस्त्यावरची झाडेही आपले वेळापत्रक पाळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि काटेसावर निष्पर्ण होऊन फुलतात. उन्हाळ्याच्या तोंडावर पाने गाळल्याने पाण्याची बचत होते आणि उघड्या फांद्यांवरील भडक फुले परागीभवन करणाऱ्या पक्ष्यांना दुरून दिसतात. एप्रिल-मेमध्ये बहाव्याचे पिवळे घोस आणि राज्यपुष्प ताम्हणाची जांभळी फुले येतात. ऑक्टोबरच्या उकाड्यानंतर संध्याकाळी उग्र, गोडसर दरवळ आला, की कोपऱ्यावरची सातवीण फुलली असे समजावे.

झाड परके, ऋतू आपला

ऋतूशी नाते जोडण्यासाठी प्राचीन परंपराच हवी, असेही नाही. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. तरीही महाराष्ट्रातील शहरांत वार्षिक परीक्षांचा शेवट आणि मे महिन्याची सुटी त्याच्याच लाल फुलांशी जोडलेली आहे. साताऱ्यात तर १ मे रोजी गुलमोहर दिन साजरा केला जातो. चार पिढ्या ज्याच्या सावलीतून शाळेत गेल्या, ते झाड परके कसे म्हणावे?

या खासगी दिनदर्शिकेत सारेच रम्य असते असे नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री कमरेएवढ्या पाण्यातून चालत घर गाठलेल्या माणसाला आजही जुलैतील सलग सर केवळ काव्यमय वाटत नाही. तो फोन करून घरचे कुठे पोहोचले, याची चौकशी करतो. ऋतूचा वैयक्तिक अर्थ असाही असतो. तो आनंदातून येतो, तसाच धास्तीतूनही येतो.

तारखा सरकू लागल्या

या नोंदींना आज वेगळे महत्त्व आले आहे. मुंबईत मान्सून दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी १० जून मानली जाई. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये ती ११ जून केली. परतीच्या तारखेत मात्र मोठा बदल झाला. २९ सप्टेंबरऐवजी ८ ऑक्टोबर. नवरात्रातील गरबा पावसात भिजतो, ही तक्रार त्यामुळे निव्वळ भास ठरत नाही. प्रत्येक वर्षाचा लहरीपणा तर आणखी निराळा. २०२३ मध्ये मान्सून मुंबईत २५ जूनला पोहोचला, तर २०२५ मध्ये २६ मे रोजीच. म्हणजे त्या वर्षी रोहिणी नक्षत्र लागते न लागते तोच पाऊस दारात उभा होता.

अशा काळात साध्या माणसाच्या नोंदीही पुरावा ठरतात. जपानमधील क्योतो येथे चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या सापडतात. दरबारी मंडळींनी आणि भिक्षूंनी रोजनिशीत बहर पाहण्याच्या मेजवान्यांविषयी लिहून ठेवले होते. लिहिताना हवामानाचा अभ्यास त्यांच्या मनातही नव्हता. त्याच नोंदींच्या आधारे २०२१ मध्ये २६ मार्चला आलेला पूर्ण बहर हा बाराशे वर्षांतील सर्वांत लवकरच्या बहरांपैकी एक असल्याचे दिसून आले. भारतातही 'सीझनवॉच' या उपक्रमात शाळकरी मुले आणि नागरिक आपापल्या परिसरातील झाडांच्या नोंदी पाठवतात.

नोंद कशी ठेवावी?

यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही. रोजच्या वाटेवरचे एकच झाड निवडावे. आठवड्यातून एकदा, शक्यतो ठरावीक वारी, त्याच्याकडे पाहून चार गोष्टी टिपाव्यात: नवी पालवी, कळी-फूल, फळ आणि पानगळ. काहीच दिसले नाही, तर तेही लिहावे. 'अजून फूल नाही' ही सुद्धा नोंदच असते. सोबत पहिला कोकीळ कधी ऐकला, पावशा कधी ओरडू लागला, मंडईत शेवळे कधी आली, हे तारखेसह लिहिता येईल. पहिल्या वर्षी ती निव्वळ यादी वाटते. दुसऱ्या वर्षी तुलना सुरू होते आणि तिसऱ्या वर्षी माणूस वाट पाहू लागतो.

वाट पाहणे हीच या साऱ्या खटाटोपाची खरी कमाई. ती फक्त मनाच्या समाधानापुरती राहत नाही. महाराष्ट्रातील शहरांसाठी १९७५ पासून वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. त्यानुसार झाड तोडण्यापूर्वी त्यावर नोटीस लावून नागरिकांच्या हरकती मागवल्या जातात. रस्तारुंदीकरणात जाणारा बहावा कागदावर एक क्रमांक असतो. तो दर एप्रिलच्या कोणत्या आठवड्यात फुलतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्यासाठी तो क्रमांक राहत नाही. झाडावरची नोटीस वाचण्यासाठी आधी झाडाकडे पाहण्याची सवय लागते.